रास्पबेरीची खुडणी: रंगापेक्षा पकड ओळखा

रास्पबेरी तोडायला कुणी पहिल्यांदा माझ्याबरोबर आलं की मी त्यांना आधी रंगाबद्दल काही सांगत नाही. फळ अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत हलकं धरा आणि देठापासून दूर ओढून बघा, एवढंच सांगते. पिकलेलं फळ तेवढ्या ओढीनं सुटतं. पांढरा, निमुळता गाभा देठावर राहतो आणि हातात येतं ते आतून पोकळ फळ. ओढल्यावर ते अडलं, त्याच्याबरोबर डहाळीही वाकायला लागली, की तिथंच थांबायचं. ते फळ अजून झालेलं नाही. उद्या-परवा होईल.

यामागचं कारण समजलं की हात लवकर शिकतो. आपण ज्याला एक फळ म्हणतो तो खरं तर बारीक फळांचा पुंजका असतो. रास्पबेरीच्या फुलात मधल्या उंचवट्यावर पुष्कळ स्त्रीकेसर असतात. फलन झालेल्या प्रत्येक स्त्रीकेसराचा एक रसाळ दाणा होतो आणि त्याच्या आत एक बी. चांगल्या भरलेल्या फळात असे शंभरच्या आसपास दाणे असतात आणि ते बारीक लवेनं एकमेकांना धरून राहतात. कच्चेपणी प्रत्येक दाणा मधल्या गाभ्याला घट्ट चिकटलेला असतो. पिकता पिकता तो जोड आपोआप सैल होतो. म्हणून फळाचं सुटणं हीच पिकल्याची सगळ्यात खरी खूण. ब्लॅकबेरीत असं होत नाही, तिचा गाभा फळाबरोबरच तुटून येतो. ब्लॅकबेरीची सवय असलेला माणूस म्हणूनच रास्पबेरीला गरजेपेक्षा जास्त जोर लावतो.

अर्धवट पिकलेलं फळ ओढून काढलं तर दाणे फाटतात आणि काही गाभ्यावरच राहून जातात. शिवाय जे हाती येतं ते पुढं गोड होत नाही. केळं किंवा टोमॅटो घरात ठेवून पिकवता येतो, रास्पबेरीला ती सोय नाही. ठेवलेल्या फळाचा रंग थोडा गडद होईल, ते मऊ पडेल, पण साखर झाडावर असताना जेवढी भरली तेवढीच राहणार.

माझ्या धाकट्या भावाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. पानांच्या गर्दीत फळ शोधायला त्याला माझ्यापेक्षा वेळ लागतो, पण त्याच्या डब्यात अर्धकच्चं फळ मला कधी सापडलेलं नाही. तो प्रत्येक फळ बोटांनी तपासतो आणि अडलं की सोडतो. माझी भाची लाल दिसलं की तोडते. तिच्या डब्यातली फळं पुढून लालभडक असतात आणि उलटी केली की देठाकडची कड फिकट, पांढुरकी निघते. ती कड आंबट लागते. नवीन माणसाला मी दोघांचे डबे शेजारी ठेवून दाखवते, मग फार बोलावं लागत नाही.

रंगाचा उपयोग कितपत

कुठल्या फळाला हात लावून बघायचा, एवढं रंग सांगतो. लाल रास्पबेरी हिरव्यावरून पांढुरकी होते, मग फिकट गुलाबी, मग लाल, आणि शेवटी त्या लालीत गडदपणा येतो. पण किती गडद, ते जातीवर आहे. ‘तुलामीन’चं फळ पूर्ण पिकल्यावरही उजळ आणि चकचकीत दिसतं. ‘विलामेट’ पिकली की चांगलीच गडद होते आणि तिला तशी चकाकीही नसते. विलामेटवर नजर बसलेला माणूस तुलामीन गडद व्हायची वाट बघत बसला, तर तोवर फळं मऊ पडून गळायला लागतील.

‘अ‍ॅन’ किंवा ‘फॉल गोल्ड’सारख्या पिवळ्या जाती लाल होतच नाहीत. त्यांच्या फिकट पिवळ्या रंगावर सोनेरी छटा आणि कधी किंचित गुलाबी झाक आली की बोट लावून बघावं. काळी रास्पबेरी ही वेगळीच प्रजाती. ती लाल दिसते तेव्हा कच्ची असते, सगळे दाणे काळे झाल्याशिवाय तिच्याकडे जायचंच नाही. जांभळी रास्पबेरी म्हणजे लाल आणि काळीचा संकर. तीही लालच्या टप्प्यावर थांबत नाही, मंद जांभळी होईपर्यंत तिला राहू द्यावं लागतं. या दोन्ही जाती पिकल्यावरही गाभ्याला लालपेक्षा जरा घट्ट धरून असतात, म्हणून त्यांना थोडी जास्त ओढ चालते. तुमच्याकडे नेमकी कुठली जात आहे हे माहीत नसेल तर पहिल्या आठवड्यात वेगवेगळ्या छटांची फळं ओढून, चाखून बघा. चाखण्यात कंजूषी करू नका, त्या बागेपुरता तोच खरा अभ्यास.

एका घोसातली सगळी फळं एकदम पिकत नाहीत. टोकाचं फळ आधी होतं आणि सहसा तेच सगळ्यात मोठं असतं. त्याच्या मागची एकेक करून येतात. त्यामुळे पिकलेल्या फळाच्या शेजारी हिरवी फळं आणि कधी उमललेलं फूलसुद्धा दिसतं. पूर्ण घोस कापून आणायचा विचार इथं उपयोगाचा नाही, एकेक फळच घ्यावं लागतं.

कुठल्या काडीवर बघायचं

रास्पबेरीची मुळं वर्षानुवर्षं टिकतात, पण जमिनीतून वर येणारी प्रत्येक काडी दोन वर्षांचीच असते. उन्हाळी बहराच्या जातींत पहिल्या वर्षीची हिरवी काडी नुसती वाढते. तिच्यावर फळं दुसऱ्या वर्षी येतात, चार-पाच आठवडे चालतात आणि मग ती काडी वाळून जाते. दुसऱ्या प्रकारच्या जाती त्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्यावर फळ देतात, उन्हाळा उतरणीला लागल्यापासून कडाक्याची थंडी पडेपर्यंत. १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली ‘हेरिटेज’ ही यातली जुनी, सर्वदूर पसरलेली जात. ‘ऑटम ब्लिस’ आणि ‘जोन जे’ याही त्यातल्याच. या जातींत फळ शेंड्यापासून सुरू होऊन खाली खाली सरकतं, म्हणून हंगाम जसा पुढं जातो तशी नजर खाली न्यायची.

नवीन लावलेल्या उन्हाळी जातीकडून पहिल्या वर्षी फळाची अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या वर्षी थोडं मिळतं आणि तिसऱ्यापासून खरी तोडणी सुरू होते.

किती दिवसांनी, कुठल्या वेळी

बहर सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी ओळीतून फिरायलाच हवं. ऊन कडक असेल तर दिवसाआड, कधी रोजही. यात मी कुणाला सवलत देत नाही. झाडावर फळ साठवून ठेवता येत नाही. पिकल्यापासून मऊ पडून गळेपर्यंत मध्ये फार थोडा वेळ असतो आणि जे राहून जातं ते फुकट जाऊन वर शेजारच्या चांगल्या फळांवर बुरशी आणि माश्या आणतं. तुम्हाला आज फळं नको असली तरी तोडा. कुणाला देऊन टाका, गोठवा, काहीही करा, पण झाडावर ठेवू नका.

वेळ सकाळची, मात्र दव वाळल्यानंतरची. भल्या पहाटे गेलात तर फळं ओली असतात आणि ओलं फळ डब्यात काही तासांत खराब व्हायला लागतं. दुपारी गेलात तर उन्हातलं फळ हवेपेक्षाही गरम झालेलं असतं, बोटाचा जरासा दाब लागला तरी रस सुटतो. मधला जो वेळ आहे, म्हणजे पानं कोरडी झालेली आणि फळ अजून थंड, तो साधावा. पाऊस येणार असं दिसत असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून आधीच तोडणी उरकून घ्या, हलकी सुटणारी एकही मागं ठेवू नका. पाऊस पडून गेल्यावर काड्या हळूच हलवून पाणी झटकायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं.

भांडं आणि हात

रास्पबेरी आतून पोकळ असते, तिला आतून आधार देणारं काहीच नसतं. वरच्या फळांच्या वजनानं खालची चेपतात हे त्यामुळेच. म्हणून पसरट डबा घ्या आणि त्यात तीन थरांच्या वर भरू नका. खोल बादली अजिबात नको. मी चपटे डबे दोन-तीन बरोबर नेते आणि एक भरला की सावलीत ठेवून दुसरा घेते. हातातला डबा कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला असतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

दुसऱ्या हाताचं काम फार मोठं आहे. फळं ज्या आडव्या डहाळ्यांवर येतात त्या काडीला जिथं जुळतात तिथं सहज मोडतात, आणि डहाळी मोडली की तिच्यावरची पुढच्या दोन आठवड्यांची फळं गेली. म्हणून डाव्या हातानं डहाळी खालून उचलून धरायची आणि उजव्यानं फळ काढायचं. डहाळी उचलली की पानांखाली दडलेली फळंही दिसतात. रास्पबेरी उभ्यानं, वरून बघितली तर निम्मी दिसतच नाही. खाली बसा, वर बघा. ओळीच्या शेवटापर्यंत गेलात की वळून त्याच बाजूनं उलट या. जाताना पानाआड राहिलेली फळं येताना समोर दिसतात. मला दर वेळी परतीच्या फेरीत चांगली ओंजळभर मिळतात.

फळ सुटलं की लगेच डब्यात. तीन-चार फळं मुठीत साठवून मग टाकायची सवय बहुतेकांना असते, ती मोडायला हवी. मुठीतलं पहिलं फळ तोवर दबलेलं असतं. एकदा डब्यात ठेवलेल्या फळाला पुन्हा हात लावायचा नाही, निवडणं आणि वेगळं करणं जे काही आहे ते तोडतानाच. त्यासाठी मी एक वेगळं भांडं नेते. कुजलेली, फुटलेली, किडकी फळं त्यात जातात, ती झाडाखाली टाकायची नाहीत. बुरशीच्या फळाला हात लागला असेल तर चांगल्या फळांकडे वळण्याआधी हात धुऊन पुसून घ्यावेत.

पुढचे दोन दिवस ठेवायची फळं आणि आज खायची फळं यातही फरक करता येतो. नुकतीच सुटायला लागलेली, ताठ, उजळ फळं ठेवायला. नुसता स्पर्श केला तरी हातात येणारी, गडद, मऊ फळं सगळ्यात गोड, पण ती संध्याकाळपर्यंत संपवायची.

काटे बारीक असले तरी टोचतात, लांब बाह्यांचा सदरा घाला. हातमोजे मात्र नकोत. मोज्यातून पकड कळत नाही, आणि सगळी खुडणी तर पकडीवरच आहे. काटे सहनच होत नसतील तर बिनकाट्यांच्या जाती लावा, ‘जोन जे’ त्यातली एक.

ओळ किती रुंद ठेवली आहे यावरही तोडणी अवलंबून असते. अर्ध्या मीटरपेक्षा रुंद झालेल्या ओळीत मधल्या फळांपर्यंत हात पोहोचत नाही आणि तिथंच बुरशी सुरू होते. बाहेर पसरणारे फुटवे वेळच्या वेळी काढा आणि काड्या तारांना बांधून ठेवा.

घरात आणल्यावर

तोडलेलं फळही श्वसन करत असतं आणि रास्पबेरीचा श्वसनाचा वेग बऱ्याच फळांपेक्षा जास्त आहे. ती गरम राहिली तेवढी लवकर उतरते. डबे सावलीतून थेट फ्रिजमध्ये न्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. धुवायचं नाही. धुणं खायच्या क्षणापर्यंत पुढं ढकला आणि तेव्हाही नळाच्या धारेखाली धरू नका. पसरट भांड्यातल्या पाण्यात हलके बुडवून लगेच उचला आणि कापडावर पसरा.

फ्रिजमध्ये चांगली तोडलेली रास्पबेरी दोन-तीन दिवस उत्तम राहते. बाहेर काढताना डब्यावर झाकण असू द्या आणि फळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ते उघडू नका. थंड फळावर हवेतली वाफ जमते आणि फळ ओलं होतं. झाकण असलं की ते पाणी डब्याच्या बाहेरच्या बाजूला जमतं.

जास्त असतील तर गोठवा. कोरडी फळं ताटात एकमेकांना न चिकटता एका थरात मांडून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरून हवा काढून टाका. उणे १८ अंशांवर वर्षभर चालतात. विरघळल्यावर त्या लुसलुशीत होतात, आकार राहत नाही, म्हणून जॅम आणि सरबतालाच वापरा.

फळात काही बिघडलेलं दिसलं तर

करड्या रंगाची लव धरलेलं फळ म्हणजे बोट्रायटिस बुरशी. ही बहुधा फुलोऱ्यातच शिरते आणि फळ पिकेपर्यंत गप्प बसते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणारं फळही डब्यात अचानक बुरसतं. हवा खेळती ठेवणं, पाणी वरून न शिंपडता मुळाशी देणं आणि वारंवार तोडणं, घरच्या बागेत एवढं पुरतं.

फळातून बारीक पांढऱ्या अळ्या निघाल्या तर ठिपकेदार पंखांच्या फळमाशीचा संशय घ्यावा. मूळची पूर्व आशियातली ही माशी २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आणि दक्षिण युरोपात आढळली आणि आज बेरी पिकवणाऱ्या बऱ्याच प्रदेशांत पोहोचली आहे. इतर फळमाश्या सडक्या फळावर जातात. हिच्या मादीला करवतीसारखी दातेरी अंडनलिका असते, ती पिकत आलेल्या धडधाकट फळाची साल कापून आत अंडी घालते. संशय असेल तर कपभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवून काही फळं त्यात अर्धा तास ठेवा, अळ्या असतील तर बाहेर येतात. उपाय पुन्हा तोच: दिवसाआड तोडणी, खाली पडलेलं फळ उचलणं आणि तोडलेलं लगेच थंड करणं. टाकायची फळं बंद पिशवीत घालून काही दिवस उन्हात ठेवा. नुसती कंपोस्टच्या ढिगावर टाकलीत तर माश्या तिथूनच परत येतील.

काही दाणे पांढरे आणि बाकीचं फळ लाल असेल तर तो बहुतेक वेळा कडक ऊन आणि उष्णतेचा परिणाम असतो. असं फळ खायला चालतं. तोडताना फळाचे दाणे सुटे होऊन हातात चुरा येत असेल तर फुलांचं परागीभवन नीट झालेलं नाही, थोडेच दाणे भरले आणि ते एकमेकांना धरू शकले नाहीत. एखाद्या झाडावर दर वर्षी असंच होत असेल तर विषाणूरोगाची शक्यता आहे. ते झाड मुळासकट काढावं आणि नवीन रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून आणून दुसऱ्या जागी लावावं.

पक्ष्यांसाठी जाळी लावणार असाल तर उन्हाळी जातींवर फुलं संपून फळं गुलाबी व्हायला लागल्यावर लावा. शेंड्यावर फळणाऱ्या जातींत फूल आणि फळ एकाच वेळी असतं, तिथं मधमाशी आत जाईल एवढ्या छिद्रांची जाळी हवी. जाळी ताणून बांधा, ढिल्या जाळीत पक्षी अडकतात.

शेवटची फळं तोडल्यावर

फळ वाढत असताना आठवड्याला साधारण अडीच सेंटिमीटर पाणी लागतं, तोडणी संपल्यावर ते कमी करता येतं. उन्हाळी जातींत फळून झालेल्या काड्या लगेच जमिनीलगत कापा, खुंट ठेवू नका. त्या ओळखायला सोप्या असतात. सालं तपकिरी, पानं पिवळट आणि डहाळ्यांच्या टोकांना सुकलेले पांढरे गाभे लटकलेले. हिरव्या, नव्या काड्या पुढच्या वर्षीच्या आहेत, त्यांतल्या जोमदार तेवढ्या आठ-दहा सेंटिमीटर अंतरानं तारेला बांधा आणि बारक्या काढून टाका.

शेंड्यावर फळणाऱ्या जातींना थंडी संपेपर्यंत हात लावू नका. झाड सुप्तावस्थेत असताना, नवीन फूट यायच्या आत सगळ्या काड्या एकदम जमिनीलगत कापल्या की पुढच्या बहरात एकच, पण भरघोस तोडा मिळतो. त्याऐवजी फळलेला शेंडा तेवढाच कापला तर उरलेल्या काडीवर उन्हाळ्यात एक छोटा बहर येतो आणि नव्या काड्यांवर नंतरचा दुसरा. जागा कमी असेल तर मी पहिलाच मार्ग सुचवेन. त्यात तोडणी सोपी होते आणि जुन्या काड्यांबरोबर रोगही बागेबाहेर जातात. कापलेल्या काड्या ओळीत पडू देऊ नका, त्याच दिवशी उचलून न्या.